साधा इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यावा की ॲपवाला स्मार्ट?

तुम्ही विचारलंय की हाताचा ब्रश सोडून इलेक्ट्रिक घ्यायचा आहे, पण स्मार्ट मॉडेल साध्याच्या तिप्पट-चौपट किमतीचं आहे; दातांना तेवढा फरक पडतो का? माझं उत्तर: नाही. दोन मिनिटांचा टायमर आणि दाबाचा सेन्सर असलेला साधा इलेक्ट्रिक ब्रश घ्या. या दोन्ही गोष्टींना फोन लागत नाही. वाचलेल्या पैशांतून बदलायची हेड्स, म्हणजे ब्रिसल्स असलेली काढता येणारी टोकं, घेऊन ठेवा.

प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, काढतात ती मोटर आणि ब्रिसल्स. एकाच कंपनीचं खालचं आणि वरचं मॉडेल शेजारी ठेवलं तर बऱ्याचदा दोन्हींवर तेच हेड बसतं. हालचालीचे मुख्य प्रकार दोन. गोल हेडवाला ब्रश डावी-उजवीकडे अर्धवट फिरत राहतो, मिनिटाला साधारण ७-९ हजार वेळा. सॉनिक ब्रशचं हेड लांबट, नेहमीच्या ब्रशसारखं असतं आणि मिनिटाला ३० हजारांच्या आसपास थरथरतं. हे आकडे एकमेकांशी तोलू नका, कारण हालचालच वेगळी आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात ५६ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. हाताच्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिकने तीन महिन्यांनंतर प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. सर्वाधिक पुरावा गोल हेडच्या ब्रशबद्दल होता. लक्षात घ्या, ही तुलना हात विरुद्ध मोटर अशी आहे. ॲपचा त्यात काही संबंध नाही.

टायमर का हवा, याचा हिशोब करून बघा. अक्कलदाढा सोडल्या तर दात २८, म्हणजे जबड्याच्या एकेका चतुर्थांशात ७. दर चतुर्थांशाला ३० सेकंद धरले तर एका दाताला सव्वाचार सेकंद, आणि बाहेरची, आतली, चावायची अशा तीन बाजू धरल्या तर बाजूला जेमतेम दीड सेकंद. अंदाजाने घासणारा माणूस समोरच्या दातांवर रेंगाळतो आणि दाढा उरकून टाकतो. म्हणून नुसता दोन मिनिटांनी बंद होणारा ब्रश घेऊ नका. दर ३० सेकंदांनी क्षणभर अडखळून 'आता पुढे सरका' असं सांगणारा घ्या.

दाबाचा सेन्सर त्याहून महत्त्वाचा. हाताच्या ब्रशची सवय असलेले लोक इलेक्ट्रिकही रेटूनच घासतात. त्याने दुहेरी नुकसान होतं. ब्रिसल्स आडव्या पडतात, हेडची हालचाल दबते आणि स्वच्छता उलट कमी होते. शिवाय हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाजवळचा मऊ भाग झिजू लागतो. किती दाब पुरतो हे हाताला कळावं म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर बंद ब्रश टेकवून १५० ग्रॅम आकडा येईपर्यंत दाबून पाहा. इतका हलका? हो, इतकाच. २५० च्या वर जाऊ नका. खरेदी करताना सेन्सर इशारा कसा देतो ते नक्की वाचा. काही स्वस्त मॉडेलांत जास्त दाब पडला की फक्त कंपनं मंदावतात, आणि ते लक्षातही येत नाही. लाल दिवा लागणारं मॉडेल बरं, आणि तो दिवा आरशात दिसेल अशा जागी असावा.

आता ॲपकडे. हँडलमध्ये ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. हँडल कुठल्या कोनात आहे आणि कसं हलतंय यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की तुम्ही आत्ता वरच्या उजव्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला आहात. फोनवर तोंडाचे ६, १२ किंवा १६ भाग दिसतात आणि तेवढा वेळ दिलात की भाग पांढरा होतो. ब्रशला प्लाक मात्र दिसत नाही. ब्रश योग्य दातावर आहे, पण ब्रिसल्स हिरडीच्या कडेपासून दोन मिलिमीटर वरच फिरताहेत, तरी ॲप १०० टक्के गुण देणार. मान वळवून किंवा घरभर फिरत घासलंत तर अंदाजही चुकतो.

खरंच कुठे चुकतंय हे बघायचं असेल तर प्लाक रंगवणाऱ्या डिस्क्लोजिंग गोळ्या आणा. ओठांना व्हॅसलीन लावा, नाहीतर दिवसभर गुलाबी ओठ मिरवाल. नेहमीसारखं घासा, मग गोळी चावून ३० सेकंद तोंडात घोळवा, थुंका, एकदा पाण्याने चूळ भरा आणि आरशासमोर टॉर्च घेऊन बघा. जिथे रंग चिकटलाय तिथे प्लाक राहिलाय. दोन रंगांच्या गोळीत जुना साचलेला प्लाक निळसर-जांभळा दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत रंग सापडतो तो खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, शेवटच्या दाढेच्या मागे आणि सुळ्याजवळ, जिथे हात वळवावा लागतो. आठवड्यातून एकदा असं महिनाभर करा. बेसिनवर आणि कपड्यांवर डाग पडतात, आणि खाण्याच्या रंगांची ॲलर्जी असेल तर हा प्रकार नको.

मग स्मार्ट ब्रश कुणी घ्यावा? घासायला कंटाळणाऱ्या मुलांना फोनवरचा खेळ काही आठवडे नक्की ओढून धरतो. दर तपासणीला डेंटिस्ट त्याच जागी बोट ठेवत असतील आणि गोळ्यांचा खटाटोप नको असेल, तर मोजपट्टी म्हणून ॲप चालेल. आकडे बघूनच ज्यांना शिस्त लागते त्यांनीही घ्यावा. बाकीच्यांच्या बाबतीत नव्याचे नऊ दिवस. घ्यायचाच असेल तर आधी बघा: ॲप आणि खातं न उघडता ब्रश पूर्ण चालतो का, मोड हँडलवरूनच बदलता येतात का, आणि फोन जवळ नसताना घासलेलं ब्रश साठवून नंतर पाठवतो का. हँडल पाच वर्षं टिकेलही. तोवर ॲपला कंपनीचा आधार राहील याची खात्री नसते.

मोडच्या संख्येला भुलू नका. बहुतेक मोड म्हणजे तीच मोटर कमी-जास्त वेगाने. 'व्हाइटनिंग' चहा-कॉफीचे वरवरचे डाग थोडे उतरवतो, दाताचा मूळ रंग बदलत नाही. 'सेन्सिटिव्ह' मात्र कामाचा आहे, कारण पहिले आठ-दहा दिवस गुदगुल्या होतात आणि नाकापर्यंत झिणझिणतं.

हँडलच्या आधी हेडची किंमत पाहा. हेड तीन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे वर्षाला चार. ब्रिसल्स त्याआधीच पसरल्या तर तुम्ही जोर लावताय. काही स्मार्ट हेडमध्ये बारीक चिप असते, तीही मुख्यतः हेड किती वापरलं तेच मोजते. तारीख मार्करने हेडच्या तळाला लिहिली की झालं. दुसऱ्या कंपनीची स्वस्त हेड्स बऱ्याचदा सैल बसतात, खडखडतात आणि हालचालीचा जोर दातापर्यंत नीट पोचत नाही.

बॅटरी हा खरा कमकुवत भाग. ती हँडलमध्ये सीलबंद असते, त्यामुळे बॅटरी गेली की ब्रश गेला, मग तो साधा असो की स्मार्ट. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पूर्ण भरायला १५-१६ तास घेऊ शकते आणि आठवडाभर चालते. लिथियम-आयन दोन आठवडे किंवा जास्त. या एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. पेन्सिल सेलवर चालणारे ब्रश शक्यतो टाळा. सेल उतरत गेला की वेग नकळत घटतो.

वापरताना ब्रश पुढे-मागे घासू नका, ती मेहनत मोटरची. वाटाण्याएवढी फ्लोराइड टूथपेस्ट लावा, हेड तोंडात घेऊन मगच बटण दाबा, नाहीतर आरसा पांढरा. गोल हेड दाताला कवेत घेतल्यासारखं धरून एकेक दात पुढे सरका. सॉनिक हेड हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा. दातांच्या फटीत दोन्ही पोचत नाहीत, तिथे फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रशच लागतो. सुरुवातीला हिरड्यांतून थोडं रक्त येऊ शकतं. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर डेंटिस्टला दाखवा.

रोज घासून झालं की हेड काढून दांडी आणि हेडची आतली पोकळी धुवा, दोन्ही वेगवेगळी वाळू द्या. नाहीतर जोडावर पेस्ट आणि लाळेचा काळा चिकट थर जमतो. चार्जिंग स्टँड प्लग काढून ओल्या कपड्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. परदेशातून मागवत असाल तर स्टँडच्या तळाशी १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा. एकाच व्होल्टेजचा स्टँड चुकीच्या सॉकेटमध्ये जळू शकतो. आणि घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर ब्रश आणि स्टँडमधल्या चुंबकीय क्षेत्राबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा.