श्वासनलिकेचा स्नायू ‘प्रसरण’ पावतो का?

प्रश्न सांगलीहून आला आहे. हळदीच्या गोदामात काम करणाऱ्यांसाठी दम्यावरचं माहितीपत्रक लिहिताना विचारणाऱ्यांच्या कच्च्या खर्ड्यात ही दोन वाक्यं उतरली: ‘अ‍ॅडेनोसीन या प्युरीनमुळे श्वासनलिकेचे स्नायू आकुंचन पावतात’ आणि ‘थिओफिलीन या प्युरीनमुळे ते प्रसरण पावतात’. दोन्ही खरी कशी, आणि शब्द बरोबर आहेत का?

आकुंचन चालेल. प्रसरण मात्र खोडा. स्नायू आवळतो किंवा सैलावतो. रुंदावते ती नळी. चंचीची नाडी सैल केली की तोंड उघडतं, पण नाडी प्रसरण पावली असं कुणी म्हणत नाही. हृदयाचं ‘आकुंचन-प्रसरण’ ठीक आहे, कारण तिथे रक्ताने भरून कप्पा फुगतो. इथे ‘स्नायू सैलावतात, नळी मोकळी होते’ एवढं पुरे. ‘शिथिल होतात’ही बरोबरच, पण गोदामात वाचायचं आहे ना!

आता विरोधाभासाचं. प्युरीन हे एका मूळ रेणूचं नाव आहे, तसंच त्याच्यावरून ओळखल्या जाणाऱ्या अख्ख्या कुळाचंही; एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते 1884 मध्ये दिलं. अ‍ॅडेनोसीन आपल्याच पेशींत तयार होतं. ते हुंगवलं तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, दमेकऱ्याची नळी मात्र आवळते. तीही बरीचशी आडवळणाने: मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) हिस्टामीनसारखी द्रव्यं सोडतात आणि ती स्नायू आवळतात. म्हणून ‘अ‍ॅडेनोसीनमुळे दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळतात’ असं लिहा; ‘दमेकऱ्यांच्या’ हा शब्द गाळू नका.

थिओफिलीन हे दम्याचं औषध त्याच कुळातलं, चहाच्या पानांतून 1888 मध्ये वेगळं केलेलं. ते अ‍ॅडेनोसीनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागांवर, ठाण मांडून त्याला जागा देत नाही, शिवाय स्नायूपेशीतलं सायक्लिक एएमपी (स्नायूला सैलावण्याचा निरोप देणारा रेणू) मोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमलाही, अडवतं. त्याने स्नायू सैलावतो. मात्र गुणकारी आणि घातक मात्रेत अंतर थोडं. जास्त झालं की मळमळ, धडधड, झटकेसुद्धा. कॅफीन याचंच भावंड, गुण सौम्य. तरी फुंकर मारून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीआधी चहा-कॉफी टाळायला सांगतात ती याचमुळे.

पत्रकात आणखी एक ओळ घाला. आपल्याकडे ‘प्युरीन’ म्हटलं की युरिक अ‍ॅसिड आणि मटण-डाळीचं पथ्य आठवतं. ते पथ्य गाउट या सांधे सुजण्याच्या आजाराचं, दम्याचं नव्हे. नाहीतर लोक आमटी सोडतील आणि हळदीची धूळ मात्र तशीच ओढत राहतील.