हनुवटीवरचे केस आणि लांबलेलं ऑपरेशन

साठी ओलांडलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्या झोप, सून, मुलगा, एकटेपणा अशी कारणं घेऊन. हनुवटीवरच्या केसांसाठी म्हणून आजवर कुणी वेळ घेतलेली नाही. तो विषय निघतो वेळ संपत आल्यावर, पर्स खांद्याला लावता लावता. "एक विचारू का मॅडम? हसू नका हं." आणि आवाज खाली येतो. कुणाच्या नातवाने पापा घेताना "आजी, टोचतंय" म्हटलेलं असतं. कुणाला पार्लरमधल्या पोरीने सगळ्यांदेखत "आंटी, हनुवटी पण करून टाकू का?" असं विचारलेलं असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचं तर आणखीनच वेगळं. डोळ्यापुढचं धुकं गेलं आणि आरशात आधी काय दिसलं, तर स्वतःची हनुवटी. "म्हणजे इतकी वर्षं हे सगळ्यांना दिसत होतं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

सुधाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

वय ६७, माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. दोन्ही गुडघे झिजलेले. उजवा आधी बदलू, असं डॉक्टरांनी सांगून वर्ष उलटून गेलं होतं. तारीख ठरायची आणि पुढे जायची. कधी चातुर्मास, कधी नातीची परीक्षा, कधी घरात पाहुणे. "आईला ऑपरेशनची भीती बसलीय" असं म्हणून मुलाने त्यांना माझ्याकडे आणून सोडलं.

पहिल्या एकदोन भेटींत मला ती भीती सापडेचना. भूल? "सिझर झालंय हो माझं, भुलीचं काय." खर्च? विमा होता. दुखणं? "आत्ता दुखतंय त्याहून जास्त काय दुखणार?" प्रत्येक उत्तर चोख. माणूस इतकं शहाण्यासारखं बोलतं आणि तरी तारीख पुढे ढकलतं, तेव्हा खरी गोष्ट आपण अजून विचारलेलीच नसते. मी म्हटलं, "सुधाताई, ऑपरेशन राहू द्या. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला सांगा. जाग आल्यापासून."

त्या सांगायला लागल्या. "जाग येईल. सून उशाशी असेल. नर्स येईल, पडदे सरकवेल. मग मी..." आणि थांबल्या. उजवा हात हळूच हनुवटीवर गेला. मी काही बोलले नाही. गप्प बसणं मला जमतं, एवढं मी स्वतःबद्दल म्हणेन. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सगळ्यात कठीण जातं ते हेच. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तिथे बाथरूमपर्यंत कधी जाऊ देतात?"

मग सगळं बाहेर आलं. बारा-तेरा वर्षं त्या पहाटे साडेचारला उठत होत्या. बाथरूमचं दार लावून, भिंगाचा आरसा आणि चिमटा घेऊन अर्धा तास. यजमानांना माहीत नाही, निदान त्यांची तशी समजूत. कुणाकडे मुक्कामाला जायचं नाही. शाळेतल्या मैत्रिणींची चारधाम यात्रा तब्येतीचं कारण काढून टाळली. हळदीकुंकवाला गेलं तर खिडकीकडे पाठ करून बसायचं. "आणि मॅडम, मी तिथेच गेले तर? माणूस गेलं की लोक तोंडच बघायला येतात ना."

हे त्या रडत नव्हत्या सांगत. थोडं हसतच सांगत होत्या. पुढे म्हणाल्या, "म्हणी शिकवताना 'आत्याबाईला मिशा असत्या तर' आली की वर्ग खो खो हसायचा. शेवटची काही वर्षं मी ती म्हण गाळून पुढे जायचे."

गुडघा अडला होता तो इथे. पुढचं काम तुलनेनं सोपं होतं, असं मी म्हणेन. निदान आपण कुठे उभे आहोत ते दोघींना कळलं होतं.

"मलाच का पण?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांनाच नाही. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक झपाट्याने उतरतं. अँड्रोजेन, ज्यांना आपण पुरुषी संप्रेरकं म्हणतो आणि जी बाईच्या शरीरात जन्मभर असतातच, ती तेवढ्या वेगाने उतरत नाहीत. पारडं कललं की हनुवटी आणि ओठावरची मऊ लव जागोजागी राठ होते, आणि बऱ्याचदा त्याच काळात डोक्यावरचे केस विरळ होतात. पाप नाही, रोग नाही, वय आहे. हे ऐकून सुधाताईंनी मान डोलावली, पण चेहरा काही सैल झाला नाही. माहितीने लाज जात नाही, हा माझा जुना अनुभव.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. म्हणजे आपल्याला छळणारे हट्टी विचार ओळखून ते बदलायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विचार, महाराष्ट्रात चांगला रुजलेला. त्याच्या संज्ञा मी समोरच्या माणसावर कधी लादत नाही. सुधाताईंना मी दोन वाक्यं लिहायला सांगितली. एक, 'माझ्या हनुवटीवर केस नसलेले मला आवडतात.' दुसरं, 'माझ्या हनुवटीवर केस कुणाला दिसताच कामा नयेत.' विचारलं, "पहाटे साडेचारला कुठलं वाक्य उठवतं?" मराठीच्या बाई त्या, लगेच म्हणाल्या, "दुसरं. पहिल्याला सात वाजता उठलं तरी चालेल." इच्छा आणि हट्ट यांतला फरक इतक्या नेमकेपणाने मलाही कधी मांडता आला नव्हता. केस काढणं सोडा, असं मी त्यांना सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही. काढावेसे वाटतात तर काढायचे, नखं कापतो तसे. लपवणं तेवढं सोडायचं.

म्हणून ठरलं, एका माणसाला सांगायचं. त्यांनी धाकटी बहीण निवडली. पुढच्या भेटीला आल्या त्या चिडून. बहीण म्हणाली होती, "अगं, एवढंच ना? या वयात कोण बघतंय तुला!"

या वाक्यावर मला थोडं थांबायचंय, कारण बहुतेक जणी इथेच पुन्हा गप्प होतात. तरुणपणी बाईला सांगतात, असे केस म्हणजे शरमेची गोष्ट. साठीनंतर सांगतात, त्याची फिकीर करणं हीच शरमेची गोष्ट. धीर द्यायला म्हणून 'कोण बघतंय' म्हणतात, आणि ऐकणारीला कळतं ते एवढंच की तू आता बघण्याजोगी राहिलेली नाहीस. सुधाताईंना मी विचारलं, "साहेब रोज दाढी करतात?" "करतात की. बहात्तराव्या वर्षीही, रोज." "त्यांना कुणी म्हणतं, या वयात कोण बघतंय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग जोरात हसल्या. मला वाटतं खरं वळण हे होतं. दवाखान्याच्या सकाळी नुसतं दुखणं सापडलं होतं. इथे त्यांना आपला हक्क सापडला.

सुनेला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. सून काही फार बोलली नाही. चेहऱ्यासाठीचा लहान ट्रिमर मागवला आणि दवाखान्याच्या पिशवीच्या यादीत चष्मा, दातांची डबी, विम्याची कागदपत्रं यांच्याखाली 'ट्रिमर, सेल' असं लिहून टाकलं. सुधाताईंना ती यादीच सगळ्यात जास्त आवडली. ट्रिमरचा सल्ला माझ्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा. गुडघा बदलल्यावर रक्त पातळ राहायची औषधं देतात, त्या काळात वॅक्सने किंवा दोऱ्याने जखम, काळंनिळं पडायची भीती जास्त. ट्रिमर कातडीला ओढत नाही.

"पण पात्याने दाट येतात ना?" हे सुधाताईंनीही विचारलं. नाही येत. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, पात्याला त्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट राहतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, इतकंच.

आता बाकीच्यांसाठी, मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते. दोनचार केस असतील तर चिमटा पुरे. तो स्पिरिटने पुसून घ्यावा, मधुमेह असेल तर आवर्जून. वॅक्स साठीनंतर जपून, कातडी पातळ झालेली असते. सुरकुत्यांसाठी रेटिनॉलसारखं क्रीम लावत असाल तर चेहऱ्याला वॅक्स नकोच, सालटं निघतं. ब्लीचने आपल्या गव्हाळ रंगावर सोनेरी लव उलट जास्त उठून दिसते, आणि आगही होते. लेझरचं पॅकेज घ्यायच्या आधी आरशात नीट बघा. लेझर केसातला काळा रंग पकडतो, पांढऱ्या केसावर त्याचा काही उपयोग नाही. सगळे पैसे भरून झाल्यावर हे कळलेल्या बायका माझ्यासमोर बसून गेल्यात, आणि त्यांचा राग मला योग्यच वाटतो. पांढऱ्या केसांसाठी कायमचा उपाय म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. बारीक सुईने एकेका मुळाला वीज देतात, त्यामुळे बैठका बऱ्याच लागतात. पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एफ्लॉर्निथिन नावाचं क्रीम वाढ मंदावतं, पण फरक दिसायला दोनेक महिने जातात आणि बंद केलं की केस पूर्ववत. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

आणि एक गोष्ट लाजेपायी लांबवू नये. केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढले तर वयाचं म्हणता येतं. काही महिन्यांत एकदम दाट आले, आवाज जाड झाला, पुढून टक्कल पडायला लागलं, तर आधी डॉक्टर. टेस्टोस्टेरॉनसारख्या रक्ततपासण्या करून अंडाशय आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तपासाव्या लागतात. स्टिरॉइड, फिटचं फेनिटोइन, डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल यांनीही चेहऱ्यावर केस येऊ शकतात, तेव्हा औषधांची पिशवी सोबत न्यावी.

सुधाताईंचा उजवा गुडघा बदलून झाला. डाव्याची तारीख त्यांनी स्वतः फोन करून घेतली. बहिणीवर अजून थोडा राग आहे, आणि तो घालवायची मला घाई नाही.

राहिलं घरच्यांचं. अंथरुणाला खिळलेली आई, विसरायला लागलेली सासू, अर्धांगाने हात गेलेली आत्या, यांना आपण आंघोळ घालतो, वेणी घालतो, टिकली लावतो. हनुवटीचं कुणी बघत नाही, कारण ती कधी बोलली नाही. जन्मभर ती ते काम गुपचूप करत आली असेल, तर आता कुणीतरी ते हातात घ्यायला हवं. दार लावून, दोघीच असताना विचारा. हो म्हणाली तर आठवड्यातला एक वार ठरवून टाका, आणि नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका.