छोट्या गोठ्यांचे प्रश्न: बाटली बाजूला ठेवा, खड्डा भरा

इंदूरच्या आसपासच्या गोठेवाल्यांकडून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. पेंड महाग, दुधाचा भाव फॅटवर, चार-सहा जनावरांत घर चालत नाही, मग जोडीला काय करू? करण्यासारखं पुष्कळ आहे. पण आधी जे पैसे दुकानात जाताहेत ते थांबवा. नवीन धंद्याचं भांडवल बऱ्याचदा तिथेच सापडतं.

सांवेरजवळून एक भाऊ लिहितात, तीन म्हशी आणि दोन संकरित गायी आहेत. म्हशीचं फॅट पाचच्या खाली आलंय. दुकानदाराने कॅल्शियमची कॅन आणि दूधवाढीची पावडर दिली, ती गाभण म्हशीलाही रोज पाजतो, चालू ठेवू का?

बंद करा, आजच. व्यायला तीन आठवडे उरले असताना बाहेरून भरमसाट कॅल्शियम पाजलं की हाडांतून कॅल्शियम काढून वापरायची शरीराची सवय मोडते. व्याल्याबरोबर चिकाचं आणि दुधाचं ओझं अंगावर येतं, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि जनावर मान पोटाकडे वळवून बसतं, उठत नाही. यालाच तुम्ही दुधी ताप म्हणता. म्हणजे ज्या रोगाच्या भीतीने कॅन घेतली, तोच रोग विकत आणला. गाभणीला कॅल्शियमची कॅन नको. पुन्हा लिहितो, नको. मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण आणि थोडं मीठ पुरे. व्याल्यावर कॅल्शियम लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील, दुकानदार नाही.

फॅट उतरण्याची कारणं तुमच्या गोठ्यातच आहेत. पेंड वाढवली आणि वैरण कमी केली, हे पहिलं. लांब धाग्याचा सुका चारा पोटात गेल्याशिवाय फॅट येत नाही. दुसरं, शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असतं. तुम्ही घाईत सड अर्धवट सोडता आणि मागून पारडू सोडता, मग मलई पारडू खातं आणि पातळ दूध संघाच्या कॅनमध्ये जातं. पारडाला आधी पाजा, मग शेवटच्या थेंबापर्यंत पिळा. पावडरीने हे होणार नाही. लग्नसराईतलं उरलेलं अन्न, पोळ्या, शिळा भात घमेल्याने घालणारेही पुष्कळ आहेत. त्याने पोटात आम्ल होतं, जनावर रवंथ सोडतं, आणि पुढचा खर्च काय होतो तो तुम्हाला माहीत आहे.

दूध उतरवायला जे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन गुपचूप मिळतं, त्याच्याबद्दल एकदाच सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दूध वाढवण्यासाठी असं टोचणं गुन्हा आहे, आणि सवय लागलेली म्हैस पुढे सुईशिवाय पान्हाच सोडत नाही.

देपालपूरहून चाऱ्याचा प्रश्न आहे. घरचा गव्हाचा भुसा आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) आहे, युरिया प्रक्रिया करू का, ओळखीचा दुकानदार म्हणतो दुप्पट टाका म्हणजे प्रथिनं दुप्पट.

गव्हाच्या भुशाला करा. माप ठरलेलं आहे: 100 किलो भुशाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर लावा, पाणी शिंपडा, तुडवा, प्लास्टिकने हवाबंद झाका, 21 दिवस. चारचे पाच किलो नाही, एकवीसचे दहा दिवस नाही. भुशावर युरियाचं पाणी शिंपडून लगेच गव्हाणीत टाकणाऱ्यांच्या गोठ्यात मी मेलेली जनावरं पाहिली आहेत. तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, आणि डॉक्टर पोहोचायच्या आत खेळ खलास. बाहेर काढलेला भुसा तासभर पसरून तिखट वास उडू द्या, पहिला आठवडा साध्या भुशात मिसळून द्या, सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. सोयाबीनच्या कुटाराला ही प्रक्रिया नको, ते भुशात तसंच मिसळा. ज्याला पाणी आहे त्याने मका लावून दाणा दुधातून पिठात जाताना कापावा आणि मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करावा. 45 दिवसांनी उघडायचा. उन्हाळ्यात पेंडीचं बिल तिथेच कमी होतं.

महूहून विचारणा आहे, दूध कमी करून कडकनाथ कोंबड्या घेऊ का, एक एजंट पिल्लंही देतो आणि पक्षी परत घ्यायची हमीही. कडकनाथ झाबुआचा, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पक्षी खरा आहे. हमी बहुतेक वेळा खोटी असते. पिल्लांचे पैसे आधी, परत घ्यायची वेळ आली की फोन बंद. हा पक्षी सावकाश वाढतो, दीड किलोला पोहोचायला पाच-सहा महिने लागतात. घ्यायचाच तर झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, 20-25 पिल्लांपासून सुरुवात करा आणि गिऱ्हाईक आधी शोधा. त्यापेक्षा चार-पाच शेळ्या बऱ्या. कुटार आवडीने खातात, बांधावरच्या पाल्यावर भागतात. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस चुकवू नका.

आता राऊच्या भाऊंचं पत्र, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. सहा जनावरं, शेण रस्त्याकडेला साचतं, शेजारी भांडतात, ट्रॉलीवाला मातीमोल भावाने उचलतो. एका विक्रेत्याने गांडुळं, प्लास्टिकचे बेड आणि कल्चरच्या (खत कुजवणाऱ्या जिवाणूंच्या) बाटल्यांचा संच सांगितलाय.

एक मोठं जनावर दिवसाला 10-15 किलो शेण टाकतं. म्हणजे तुमच्याकडे रोज 60 ते 90 किलो माल फुकट तयार होतो आणि तुम्ही तो भांडणात घालवता. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 याच इंदुरात होते, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर. शेण, गोठ्यातला कचरा, मुताने भिजलेली माती आणि राख यांचं खत करायची त्यांनी बसवलेली रीत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. इंदूरच्या गोठेवाल्याला मात्र बाटली विकत घ्यावीशी वाटते.

दोन-अडीच फूट खोल खड्डा, पावसाळ्यात जमिनीवर ढीग. रात्री जनावरांखाली कुटार, पाचोळा पसरा, सकाळी मुताने भिजलेला तोच कचरा उचला. वीतभर कचरा, त्यावर शेणकाला, थोडी गोठ्यातली माती, चुलीची राख, पुन्हा कचरा. ओल इतकीच की मुठीत दाबलं तर बोटं ओली व्हावीत, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी पहिली पलटी, आणखी पंधरा दिवसांनी दुसरी, त्यानंतर महिन्याने तिसरी. तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. पलटी चुकवलीत तर आतलं शेण कच्चं राहतं आणि शेतात गेलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते. कच्चं शेण सोयाबीनच्या शेतात टाकून मग हुमणीचं औषध विकत घेणारे दर वर्षी भेटतात. कल्चरची बाटली नको. शेणात जिवाणू भरपूर आहेत. गांडुळखत नंतर करा, पण गांडुळं ताज्या शेणात कधीच सोडू नका, उष्णतेने मरतात, मग विक्रेता पुन्हा किलोभर विकतो. महू-देपालपूरचे बटाटेवाले आणि शहरातले गच्चीवर बाग करणारे, दोन्ही गिऱ्हाइकं तुमच्या जवळ आहेत. पाच-पाच किलोच्या पिशव्या भरा, चाळून.

एका ताईंचा प्रश्न आहे की लोकमान्यनगर, रामबागेत रतीब घालतो, उरलेल्या दुधाचं तूप करू की पनीर? एक किलो तुपाला म्हशीचं 15-16 लिटर दूध जातं. तुमच्या दुधाच्या भावाने गुणा आणि तेवढ्यात तूप विकलं जात नसेल तर दूधच विका. पनीरमध्ये बाजारातल्या पामतेलाच्या मालाशी गाठ आहे, भावात जिंकणार नाही. ताई, तुमची गिऱ्हाइकं मराठी घरं आहेत. पाडव्याला, दसऱ्याला चक्का आगाऊ नोंदणी घेऊन करा. खरवसाची मागणी येईलच, पण पहिला चीक वासराचा, व्याल्यापासून तासाभरात अडीच-तीन लिटर. उरला तर विका. सडात औषध भरलं असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस ते दूध रतीबात घालायचं नाही, चक्क्यालाही नाही.

शेवटचं, हातोदहून: कर्ज काढून दहा म्हशी घेऊ का? चारा दहा म्हशींचा असेल तर. पशुपालनाला किसान क्रेडिट कार्ड मिळतं, वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्के. मध्य प्रदेश सरकारची कामधेनू योजना 25 जनावरांच्या युनिटची आहे, ती तुमच्या मापाची नाही. बाकी गुरांच्या दवाखान्यात विचारा, आजारासाठी 1962 या नंबरवर फोन करा. आधी दोनच म्हशी घ्या, पहिलटकर नको, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची घ्या. दलाल सांगेल त्या लिटरवर जाऊ नका. बाजारात आणताना एक वेळची धार तुंबवलेली असते, कास फुगलेली दिसते. सलग तीन वेळा स्वतः पिळा, मोजा, मगच पैसे द्या.