टांझानियाला शिकवायला निघालेल्या भावाला

भावा, सहा आठवड्यांसाठी जाऊ नकोस. पोरांची नावं तोंडात बसेपर्यंत परतीची वेळ येते, आणि माया लावून निघून गेलेला मास्तर त्यांना फार लागतो. वर्ष काढायची तयारी ठेव. पर्यटक व्हिसावर शिकवायचं नाही, परवाना आधी काढ.

तिथं प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिकला एकदम इंग्रजी. पोरं तिथंच अडतात. मी पहिला महिना फाडफाड इंग्रजी बोललो. मागच्या बाकावरची पोरगी फळ्यावरची तारीखही धडा समजून उतरवायची. त्या रात्रीच स्वाहिली शिकायला बसलो. थोरांना ‘शिकामू’ म्हण, तो तिथला आदराचा नमस्कार; उत्तरात ‘मराहाबा’ ऐकून जीव सुखावतो.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या कोल्हापूरचा तू. निघण्याआधी इथल्याच एखाद्या ऊसतोड वस्तीवर चार महिने शिकव.