कुणीच वापरत नाही ते फीचर काढायचं की ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की छोट्या साइटवरचं एक फीचर कुणी वापरत नाही, खरं काढलं तर लोक बोंब मारतील काय. काढा की. फक्त "कुणी वापरत नाही" हे आधी नीट बघा, मी तिथंच गंडणार होतो.

मी आणि चुलतभाऊ बेळगावात शहापूरला बसून मार्केट यार्डातले बटाटा, रताळी, मिरचीचे भाव देणारी साइट चालवतो. रोज संध्याकाळी पाचला भावाचा एसएमएस जायचा. आता मराठी असो की कन्नड, एका एसएमएसात 70च अक्षरं बसतात, इंग्रजीत 160, म्हणजे चार मालांचे भाव घातले की एकाचे दोन-तीन मेसेज होतात आणि पैसेपण तेवढ्याचे, वर डीएलटीवर (धंद्याच्या एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी असते ती) टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, रजिस्टर करायची कटकट, एक शब्द बदलला की परत मंजुरी. आणि लोक सगळे व्हॉट्सॲपवर गेलेले!

मे मध्ये बंदच करणार होतो. भाऊ म्हणाला, "अरे मे मध्ये कडोलीच्या बटाट्याचा भाव कोण बघतंय, माल तर निघू दे." पटलं. सीझनच्या धंद्यात एका महिन्याचे आकडे बघून काही ठरवायचं नाही.

दुसरी अडचण, एसएमएस पोचला एवढंच कळतं, वाचला काय ते नाही. म्हणून माल निघाल्यावर मेसेजात एक ओळ घातली (परत मंजुरी!), चालू ठेवायचा असेल तर मिसकॉल द्या. गूगलने रीडर (वेगवेगळ्या साइटींवरचं नवीन लिखाण एका जागी वाचायची त्यांची सोय) बंद करताना मार्च 2013 ला सांगून 1 जुलैला कुलूप लावलं होतं. आपलं काय तेवढं मोठं नव्हे, महिनाभर सांगितलं तरी बास.

महिन्यात चार मिसकॉल आले. चौघांना फोन लावला. तिघं म्हणाले चुकून लागला, भाव पोरगा मोबाइलवर बघतोय. चौथे कडोलीचे एक काका, साधा बटणाचा फोन. म्हटलं काका, भाव बघता नव्हे तुम्ही? "भाव कशाला बघू रे, यार्डातच असतोय की मी. तुझा मेसेज वाजला की म्हशीची धार काढायची वेळ झाली समजतोय."

रविवारी जाऊन त्यांच्या फोनात पाचचा गजर लावून दिला, चहा घेतला, आणि सोमवारी एसएमएस बंद केला.