रामपत्री म्हणजे स्वस्तातली जायपत्रीच का? आणि तिचं झाड कोकणात आहे का?

नाही, दोन्ही वेगळ्या. मिरिस्टिका या एकाच प्रजातीतल्या या दोन जाती. जायफळ-जायपत्रीचं झाड मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. आपल्याकडे ते नारळी-पोफळीच्या बागांत लावतात. रामपत्री मात्र सह्याद्रीच्या सदाहरित रानातली, इथलीच.

वाण्याकडे दोन्ही शेजारी ठेवून बघा. जायपत्री रुंद, चपटी, पिवळसर केशरी. बोटांत चुरगळली की वास दरवळतो. रामपत्रीचे धागे लांबट, अरुंद, काळपट तांबडे, आणि वास जवळजवळ नाहीच. व्यापारात तिला ‘बॉम्बे मेस’ (मेस म्हणजे इंग्रजीत जायपत्री) म्हणत आणि ती जायपत्रीत भेसळीला वापरली जाई. त्यामुळे जायपत्रीच्या भावाने ती घेऊ नका.

झाड ओळखायचं तर साल खरचटलेली जागा बघा, तिथून लाल चीक ओघळलेला असतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळ फक्त मादीला. फळ उकललं की आत बी, आणि बीवर लाल जाळी. ही जाळी म्हणजेच रामपत्री. धनेश पक्षी ती बीसकट गिळतात आणि बी लांब कुठेतरी टाकतात. रान असंच पसरतं. म्हणून फळं पिकायच्या आधीच झाडं ओरबाडली जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं. ही बी वाळवून ठेवताही येत नाही, ओल गेली की ती रुजत नाही.

या प्रजातीचं खरं वैभव मात्र पाणथळ जागेत दिसतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे अशी राई आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची. 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथलं झाड रामपत्रीचं नव्हे, तर मिरिस्टिका मॅग्निफिका या दुसऱ्या जातीचं. सतत पाण्याखालच्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती चिखलातून वर येतात, कमान करतात आणि परत खाली शिरतात, अगदी दुमडलेल्या गुडघ्यांसारखी. गोव्यात सत्तरीतही अशी राई आहे.

हेवाळे-बांबर्डेची जागा इतकी वर्षं टिकली ती गावाने देवराई म्हणून राखली म्हणून. बघायला जाणार असाल तर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि त्या मुळांवर पाय देऊ नका.