ती वही आधी परत द्या

इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, आहेत. मुलगा बारावी कॉमर्स, 68 टक्के. आता एका खासगी संस्थेत ॲनिमेशन शिकतो. फी 1 लाख 75 हजार, त्यातली निम्मी कर्जाची. वडील लिहितात, "घरात कॉम्प्युटर घेऊन दिलाय, तर हा एसटी स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय काढतो. पाहुणे विचारतात, पोरगं स्टँडवर काय करतं? शेवटी वही कपाटात घालून कुलूप लावलं. सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तर मेहुण्याच्या दुकानात बसवणार. याहून मोठा, थ्रीडीचा कोर्स कुठला करायचा ते सांगा." सोबत मुलाच्या दोन क्लिप आहेत आणि 'हे असले उद्योग' असं लिहून वहीच्या चार पानांचे फोटो.

नमस्कार.

कोर्सचं नंतर बोलू. पत्रातल्या त्या कुलपानं माझा जीव कासावीस झाला. मुलगा रात्रभर मोबाइलवर खेळत असता तर तुमचा राग मला समजला असता. पण अठरा वर्षांचा मुलगा उन्हात बसून चित्रं काढतो, आणि पाहुणे काय म्हणतील म्हणून त्याची वही बंद होते? कर्जाचा ताण खरा आहे, तो मी हलका लेखत नाही. पण त्या ताणाचा वार चुकीच्या जागी बसलाय.

ती चार पानं मी क्लिपच्या आधी पाहिली. एका पानावर डोक्यावर बोचकं घेतलेली बाई आहे, सहा वेळा काढलेली. चेहरा नाही, साडीचे काठ नाहीत. पण सहाही चित्रांत डोकं एकाच उंचीवर आहे, कंबर मात्र पावलागणिक कलते. दुसऱ्या पानावर बसमध्ये चढणारे आजोबा आहेत. पाय अजून जमिनीवरच आहे, पण हात दांडीकडे गेलाय आणि अंग पुढे झुकलंय. मग क्लिप पाहिल्या. त्यातला माणूस शेवाळावरून घसरल्यासारखा चालतो. पाय टेकतो, भार टेकत नाही. चेंडू पाण्यात बुडावा तसा सावकाश खाली येतो. तुम्ही पाठवलेल्यातलं सगळ्यांत चांगलं काम त्या वहीत आहे, आणि क्लिप सुधारायच्या तर त्या वहीतूनच सुधारतील.

सॉफ्टवेअर शिकलं की हालचाल आपोआप येते, हा गैरसमज मला जवळपास प्रत्येक पालकाच्या पत्रात दिसतो. कॉम्प्युटरला आरंभ आणि शेवट सांगितला की मधल्या फ्रेम, म्हणजे हालचालीची एकेक चित्रं, तो भरून देतो, हे खरं. पण कुठे रेंगाळायचं आणि कुठे झपकन जायचं, हे त्याला माणसानंच सांगावं लागतं. चेंडूच घ्या. एक मीटर उंचीवरून सोडला तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर साधारण 11 फ्रेम. त्यातल्या पहिल्या निम्म्या वेळात तो जेमतेम पाव अंतर पडतो, उरलेलं पाऊण अंतर दुसऱ्या निम्म्यात. तुमच्या मुलानं सगळीकडे सारखं अंतर ठेवलं, म्हणून चेंडूला वजनच नाही. महागडं थ्रीडी सॉफ्टवेअर हीच चूक जास्त चकचकीत करून दाखवेल. नुसत्या अंदाजावर भरवसा ठेवला की जाणतेही फसतात. चित्रकार कित्येक पिढ्या दौडणारा घोडा पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हवेत काढत आले. 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. 'बॅम्बी'साठी डिस्नेच्या स्टुडिओत हरणाची खरी पाडसं आणून ठेवली होती, ती चित्रकारांनी बघत बसावं म्हणूनच.

तुम्हाला हे मी वेगळं काय सांगणार? शेडमध्ये पन्नास माग खडखडत असताना कुठला धोटा पेटीत नीट बसत नाही, हे तुम्ही चालता चालता ओळखता. ते कुठल्या कोर्समध्ये शिकलात? वर्षानुवर्षं उभं राहून पाहिलंत, ऐकलंत. तुमचा मुलगा स्टँडवर तेच करतोय.

दुसऱ्या कोर्सची फी भरू नका. एक रुपयाही नाही. पदवीच हवी असेल तर प्रवेश परीक्षा आहेत: आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट आणि राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी. वयाची आणि बारावीच्या वर्षाची अट आधी तपासा. सहा महिन्यांची मुदतही मागे घ्या. धास्तीनं केलेला शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामाची क्लिप, नेहमी दुसऱ्याची नक्कल असतो. वर्षभर द्या, आणि दर महिन्याला त्याच्या शेजारी बसून काम बघा.

आता थोडं मुलाशी.

बाळा, तुझी वही आणि तुझी क्लिप एकमेकांना ओळखत नाहीत. स्टँडवर बसतोस तेव्हा पाच माणसं काढण्याऐवजी एकाच माणसाचं एकच पाऊल पाहा: टाच टेकली, गुडघा वाकून अंग खाली गेलं, दुसरा पाय शेजारून गेला, अंग वर आलं. मनात सेकंद मोज. ओझं असेल तर कुठली जागा लांबते ते लिही. घाटावर म्हशी येतात, त्यांचे पाय बघ: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मोबाइलवर व्हिडिओ घे, फ्रेम-फ्रेम पुढे सरकव, पण त्यावरून गिरवू नकोस. गिरवलेली हालचाल बहुतेक वेळा तरंगते. व्हिडिओ बंद करून आठवणीनं काढ, जे महत्त्वाचं वाटलं ते थोडं वाढव.

आणि येत्या रविवारी बाबांबरोबर शेडमध्ये जा. दोघं जण सुताचा भरलेला बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलून मागावर चढवतात, ते बघ. उचलण्याआधी पाय किती फाकतात, श्वास कधी धरतात, बीम जागचा हलायच्या आधी पाठीत काय होतं. दहा पानं भर. मग एक माणूस, एक पेटी, चार सेकंदांची क्लिप कर. पानं आणि क्लिप दोन्ही बाबांना दाखव आणि विचार, पेटी जड वाटते का? ते नाही म्हणाले तर पुन्हा शेडमध्ये जा.